गाडी एकदम मस्त आहे

काकासाहेबांची गाडी ॲक्सिलरेटर दाबला की आधी विचार करायची आणि मग निघायची. सिग्नल सुटला की मागचे लोक हॉर्नचा धडाका लावत; ही बया दोन आचके देई, कुंथे आणि मग कुठं हलायचं मनावर घेई. चढ लागला की तिचा जीव अर्ध्यातच जाई. सव्वीस वर्षांची गाडी. वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळ्या करून घेतलेली. त्यामुळं ती विकायचा विषय घरात कुणी काढत नसे, आणि फारूखभाईंशिवाय दुसऱ्या मेकॅनिकचा हात तिला लागत नसे.

फारूखभाईंचं गॅरेज रोशन गेटाजवळच्या गल्लीत होतं, आणि त्यांची कीर्ती हातापेक्षा कानाची. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि "तिसरा प्लग" म्हणायचं. तिसराच निघायचा. यंदा मात्र त्यांनी काकासाहेबांच्या गाडीचे चारही प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला, तरी गाडी होती तशीच कुंथत राहिली.

चौथ्या खेपेला काकासाहेब स्टुलावर बसून बघत होते. फारूखभाई डोळे मिटून, मूठ कानाला लावून उभे. तेवढ्यात त्यांच्याच शर्टाच्या खिशातला फोन वाजायला लागला. शेजारचे पत्रे ठोकणारेसुद्धा मान वळवून बघायला लागले, इतका मोठ्यानं.

"फारूखभाई, फोन वाजतोय!"

काकासाहेबांनी उठून त्यांचा दंड हलवला, तेव्हा फारूखभाईंनी डोळा किलकिला करून त्यांच्याकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "जरा चूप बसा काकासाहेब. आवाज ऐकू द्या."

काकासाहेब परत स्टुलावर टेकले. म्हणजे या माणसाला आता काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तरी तो रोज सकाळी येऊन मूठ कानाला लावत होता!

फोन फारूखभाईंच्या मुलाचा होता, वासिफचा. तो स्वतःच दहा मिनिटांत आला आणि काकासाहेबांना चहाच्या गाड्यावर घेऊन गेला. "काका, गेल्या महिन्यात एक टेम्पो रिव्हर्समध्ये येत होता. अख्खी गल्ली ओरडली, अब्बा जागचे हलले नाहीत. हात धरून ओढलं म्हणून वाचले. मी बोललो, बस झालं, दुकान बंद करा. तर ऐकतच नाहीत. शेवटी आमचं ठरलं. तुमची गाडी नीट झाली तर दुकान चालू, नाहीतर मी शटरला कुलूप लावणार."

"आन् नीट झाली का नाय, ते ठरवणार कोण?"

"तुम्हीच. अब्बा म्हणाले, काकासाहेब झूठ नै बोलते."

काकासाहेब जन्मात खोटं बोलले नव्हते हे खरं. बोलायची वेळच आली नव्हती म्हणा. संध्याकाळी फारूखभाईंनी बॉनेट लावलं, हात पुसले आणि शाळेतलं पोर निकालाकडं बघतं तसं त्यांच्याकडं पाहिलं. वासिफ कुलूप घेऊन दारातच उभा. काकासाहेब गल्लीतून एक चक्कर मारून आले. दोन जागी गाडी बंद पडली होती.

"लई मस्त!" ते खाली उतरत म्हणाले. शब्द कळावेत म्हणून अंगठाही वर केला. "एकदम मस्त चालतीया."

फारूखभाईंनी त्यांना मिठी मारली. वासिफनं कुलूप खिशात घातलं. मैत्रीपायी आपण एक पुण्याचं काम केलं, असं काकासाहेबांना त्या रात्री खरोखर वाटलं.

पण खोटं निभवायचं तर कष्ट आले. काकासाहेबांचा रोजचा रस्ता गॅरेजवरूनच जायचा. आचके दिसू नयेत म्हणून ते आधीच्या कोपऱ्यावर जीव खाऊन वेग घेत आणि गॅरेजसमोरून गाडी न्यूट्रलवर सोडून, हसत, हात हलवत घरंगळत जात. चार दिवसांत दोन कोंबड्या आणि एक स्कूटरवाला थोडक्यात वाचले. मग त्यांनी सेंट्रल नाक्यावरून वळसा घालायला सुरुवात केली.

"मामंजी, दूध आणायला पाऊण तास?" सूनबाई प्रेरणानं विचारलं.

"ताजं काढून देतो म्हणला," काकासाहेबांनी दुसरं खोटं ठोकून दिलं. आता त्यांचा हात बसला होता.

इकडं फारूखभाईंना बारा हत्तींचं बळ चढलं. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "विश्वास नाही? जाऊन काकासाहेबांना विचारा." आणि लोक खरंच विचारायला येत! काकासाहेब त्यांना चहा पाजत आणि गाडीचे गोडवे गात. असे चौघे आले. पाचवा आला तो शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर. चौदा पोरं नेतो म्हणाला, ब्रेक करायचेत. काकासाहेबांची जीभ तिथं जरा अडखळली. पण चौघांना सांगून बसल्यावर पाचव्याला काय सांगणार? "बिनधास्त द्या," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, फारूखभाई घरीच आले. बायकोनं, जोहरानं, खुलताबादच्या दर्ग्याला मन्नत मागितली होती : दुकान टिकू दे, चादर चढवीन. दुकान टिकलं होतं. "उद्या इतवार. जायचं तर याच गाडीतून. हिनंच माझी इज्जत राखली," फारूखभाई म्हणाले.

"बसनं गेलं तर?" काकासाहेबांनी जोरजोरात हातवारे करून विचारलं. "ऊन लई हाय! मला कंबरेचा त्रास हाय!"

"हौ हौ," फारूखभाईंनी आनंदानं मान डोलावली. "नऊ वाजता निघू."

दौलताबादपर्यंत सपाट रस्त्यानं कशीबशी लाज राखली. घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर गाडीनं ठाम नकार दिला. दोनदा आचकली, मागं सरकायला लागली. काकासाहेबांनी हँडब्रेक ओढला आणि घाम पुसला.

"हवा... हवा विरळ असंल इथं," ते म्हणाले.

फारूखभाईंनी उतरून बॉनेट उघडलं. इंजिन कसंबसं चालू होतं. गल्लीत पत्र्यांची ठोकाठोक आणि हॉर्न. इथं घाटात शांत होतं. आणि त्या शांततेत काकासाहेबांना स्वच्छ ऐकू आलं : सूं... सूं... सूं. कुठंतरी हवा आत ओढली जात होती.

त्यांनी तोंड घट्ट मिटलं. पण मागच्या सीटवर चादर मांडीवर घेऊन बसलेल्या जोहराभाभी कशाला मिटतात?

"अजी, ये सूं सूं क्या बजरा? कब से बजरा!"

"कसला आवाज? मला तर काय ऐकू येत नाय," काकासाहेब घाईनं म्हणाले.

"इत्ता जोर से आरा और तुमना सुनाई नै देरा? तुम भी बहिरे हो गये क्या?" आणि भाभींनी खिडकीतून हात काढून थेट बोट दाखवलं.

फारूखभाईंनी बोटाच्या दिशेनं हात घातला. इंजिनाच्या मागं एक जाड रबरी नळी होती. तिला खालच्या अंगानं, नजरेला दिसणार नाही अशी चीर पडली होती. त्यांनी तिच्यावर अंगठा दाबला. इंजिन एका लयीत चालायला लागलं. अंगठा उचलला, परत आचके. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला.

"याचा आवाज येतो," ते म्हणाले. "नव्या पोरालाबी ऐकू येतो." मग वळून काकासाहेबांच्या ओठांकडं बघत त्यांनी विचारलं, "तीन हफ्ते गाडी अशीच होती?"

काकासाहेबांना रडूच आलं. त्यांनी मान डोलावली. व्हय.

ते चिडतील, शिव्या देतील, असं काकासाहेबांना वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फारूखभाईंचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता.

"ती पोरांची व्हॅन... काल संध्याकाळी दिली मी. चाक फिरवून, घासल्याचा आवाज येतो का बघून दिली. आवाज नाही आला. मी म्हणालो, कान गेले तर गेले, हात तर ठीक आहे. काकासाहेब म्हणतात ना! आणि तुम्ही..." त्यांनी काकासाहेबांच्या खिशातल्या फोनकडं बोट केलं. "वासिफला फोन लावा. आत्ता."

काकासाहेबांनी आपला फोन लावून दिला. फारूखभाई त्यात ओरडून बोलले : व्हॅन कुणाची, उभी कुठं, उद्या सकाळी निघायच्या आत दुसऱ्या मेकॅनिककडून चारही चाकं खोलून बघ. बोलणं संपवून त्यांनी फोन काकासाहेबांच्या कानाला लावला. पलीकडं वासिफ बोलत होता. काकासाहेब ऐकत राहिले.

"काय म्हणाला?"

इथंही काहीतरी गोड सांगता आलं असतं. जिभेच्या टोकावर आलंही होतं.

"व्हॅन आत्ताच जाऊन बघतो म्हणला," काकासाहेब घाटात घुमेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "आन् उद्यापासून अब्बांनी शटर उघडायचं नाय, म्हणला."

फारूखभाईंनी मान डोलावली. चिकटपट्टीनं नळी गुंडाळली, सफाईनं, एक सुरकुती न ठेवता. बॉनेट लावलं आणि हात पुसून ते गाडीत बसले.

मागं जोहराभाभी पदरानं डोळे टिपत होत्या. मन्नत फळली म्हणून निघालेल्या बाईला वाटेतच ती फसल्याचं कळलं होतं. "मग ही चादर?" त्यांनी नवऱ्याच्या खांद्याला हात लावून, मांडीवरची चादर पुढं करत विचारलं. "आता कशासाठी चढवू?"

फारूखभाईंनी चादरीची घडी हातानं सारखी केली.

"चढव," ते म्हणाले. "आज इतवार आहे. पोरांना सुट्टी आहे."