डोमाभाऊच्या खांद्याची वाटी

“आज सुई घेतल्याबिगर वापस येत नाई! अन् फोटो काढल्याबिगर तं अजिबातच नाई!”

अख्ख्या मोहटोल्याला ऐकू जाईल अशा आवाजात हे जाहीर करून डोमा धानोऱ्याच्या जीपगाडीत चढला. चढताना त्याने उजवा हात छातीशी असा धरला होता, जणू कोपरात कोंबडीची पिल्लं झोपली आहेत!

दुखणं खरं होतं, त्यात काही खोट नव्हती. जन्मभर तलावात जाळं फेकलेला खांदा तो! पण गेल्या काही महिन्यांत गंजलेल्या बिजागरीसारखा अडकला होता. सदरा चढवायचा तर बायकोला, गोकुळाला, हाक मारावी लागे. जाळं फेकलं तर ते पाण्यावर पसरायचं सोडून डोमाच्याच डोक्यावर पसरे. एकदा तर तो स्वतःच जाळ्यात सापडला आणि डोंग्यातल्या माणसांनी त्याला मरळ माशासारखा ओढून काढला!

जीपमध्ये शेजारी झिंगू होता. डोमाचा जुना दोस्त. मोहफुलं वेचून वेचून त्याची कंबर धरली होती. दोघंही दुखण्यात एकमेकांना हार जायला तयार नव्हते.

“रातभर ठणकते गा,” झिंगू म्हणाला.

“तुयी रातभर? माहा खांदा तं दिवसाही ठणकते!” डोमा म्हणाला.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नवीनच पद्धत सुरू झाली होती. हाडं, सांधे, कंबर, मान यांचं काहीही दुखत असो, पहिल्यांदा फिजिओथेरपीच्या रुपाली मॅडमकडे जायचं. त्या तपासणार. कोणाला डॉक्टरकडे धाडायचं आणि कोणाला आपणच व्यायामाने बरं करायचं, हे त्याच ठरवणार. मॅडम वयाने डोमाच्या लेकीपेक्षा, रीतापेक्षाही लहान दिसत होत्या. डोमाला हे बिलकुल पसंत पडलं नाही.

आधी झिंगू आत गेला. कंबर दुखतेच, वरून पाय बधिर होतो म्हटल्यावर मॅडमनी त्याला लगेच डॉक्टरकडे धाडलं, डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढायला लावला. झिंगू बाहेर आला तो सरपंचकी जिंकल्यासारखा!

मग डोमाचा नंबर. मॅडमनी हात पुढून वर करायला लावला, बाजूने करायला लावला, पाठीमागे न्यायला लावला. खांदा दाबला, मान फिरवून पाहिली, बोटांची पकड पाहिली. मग हसून म्हणाल्या, “काका, चांगली बातमी आहे. तुम्हाला डॉक्टरकडे जायची गरजच नाही!”

डोमाचा चेहरा खर्रकन उतरला.

“फोटो?”

“नाही लागत.”

“सुई?”

“नाही.”

“अवं, गोळी तरी?”

“काका, तुमचा खांदा आखडलाय. त्याला हलवूनच मोकळं करावं लागेल.” असं म्हणून मॅडमनी त्याला भिंतीसमोर उभं केलं. “ही बोटं भिंतीवरून मुंगळ्यासारखी वर चालवा. हां, हळूहळू. आता वाका, हात लोंबता सोडा आणि गाईच्या शेपटीसारखा हलवा. रोज करा. महिना-दीड महिन्यानं मी स्वतः घरी येऊन पाहीन.”

“मुंगळे चालवायले मी इतक्या दूर आलो का?” डोमा बाहेर येऊन झिंगूजवळ करवादला. पण झिंगूचं लक्ष कुठे होतं! कंबरेला नवा पट्टा आणि हातात भलंमोठं पाकीट. वापसीच्या जीपमध्ये त्याने फोटो काढून खिडकीशी धरला. सगळ्या सवाऱ्या त्याच्या मणक्यांकडे देवदर्शनासारख्या पाहू लागल्या.

मोहटोल्याला उतरताच लोक जमले. झिंगूचा फोटो हातोहात फिरला. मग कोणीतरी विचारलंच, “अन् डोमाभाऊ, तुमचं काय निघालं?”

डोमाने तोंड उघडलं. ‘मुंगळे’ हा शब्द जिभेपर्यंत आला आणि तिथेच मेला.

“वाटी सरकली,” तो म्हणाला.

“कोणती वाटी?”

“खांद्यातली! सरकून कुठी गेली काय माहीत!”

“मंग फोटो नाई काढला?”

“फोटोत मावतच नाई म्हणे! नागपूरच्या मशिनीतच दिसते!”

झिंगूने मुकाट्याने आपला फोटो पाकिटात घातला. डोमाला असं गार गार वाटलं, काय सांगावं!

पण घरी गोकुळाने डोळ्याला पदर लावला. आपल्या जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून तिने त्याच्या गळ्यात झोळी बांधली आणि हात त्यात ठेवला. “आता तुमी काईच करायचं नाई, अजी. मी हाय नं!”

आणि खरंच, ती होती! विहिरीवरून पाण्याचे गुंड, भरलेले हंडे, तीच आणी, जळतण तीच फोडी, तलावावर जाऊन जाळ्याचा दोरही तीच ओढी. डोमा बाजेवर बसून भेटायला येणाऱ्यांना वाटीचा प्रवास समजावून सांगे. पहिले काही दिवस मोठ्या थाटात गेले. नंतर मात्र त्याला गोकुळाकडे पाहवेना. सांगावं तर सांगणार कसं? तोवर गावातल्या बायका वाटीसाठी उपास धरून बसल्या होत्या!

शिवाय मॅडम कधीही टपकणार होत्या. म्हणून गोकुळा तलावावर गेली की डोमा गोठ्यामागे जाऊन झोळी काढी आणि भिंतीवर मुंगळे चालवी. आधी मुंगळे छातीपाशीच थकत. मग गळ्यापर्यंत गेले, मग कानापर्यंत. एक दिवस तर थेट छपराला जाऊन टेकले! डोमाला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कोणाजवळ? गोठ्यात फक्त बैल होता. डोमाने त्यालाच हात वर करून दाखवला.

त्याच दिवशी झिंगू त्याला शोधत गोठ्यामागे आला. पाहतो तर काय, डोमा भिंतीशी पुटपुटतोय, “चल बाप्पा मुंगळ्या, चल वर!” मग एकदम वाकून हवेत हात झुलवू लागला. झिंगू आल्या पावली मागे फिरला, तो सरळ तलावावर.

“वहिनी! वाटी डोक्यात चढली!”

गोकुळाने हातातला दोर सोडला आणि भद्रावतीला रीताला फोन लावला. गोकुळा रडत होती, रेंज तुटत होती, त्यातून रीताला एवढंच समजलं, की बाबांच्या डोक्याचं काहीतरी झालं आणि आता हात कापणार! दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन, बोलेरो करून, ती रडतच अंगणात उतरली. जावई भूपेश मोठा कामाचा माणूस. तो म्हणाला, “मामाजी, काही काळजी करू नका. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली. आत्ताच निघायचं!”

“अजी, पण जवाईबापू...” डोमाच्या अंगाला घाम फुटला.

अंगण भरून गेलं. कोणी नारळ आणला, कोणी वाटेसाठी भाकरी बांधून आणल्या. डोमाला धरून, उचलून बोलेरोकडे नेत असतानाच फाटकाशी स्कुटी थांबली. रुपाली मॅडम!

“काय डोमाकाका, कसा आहे खांदा?”

“उशीर केला म्याडम!” रीता हुंदका देत म्हणाली. “बाबाचा हात कापून राह्यले नागपूरले!”

मॅडमचं तोंड पांढरंफटक पडलं. घाईघाईने जवळ येऊन त्यांनी डोमाचा हात हातात घेतला. “काका, व्यायाम केले नव्हते का? दुखणं वाढलं का? मुंग्या येतात का?”

डोमाने हात हळूच सोडवून परत झोळीत घातला.

“माझं काही तपासायचं राहून गेलं असेल,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “वरचे साहेब विचारतात, डॉक्टरला न दाखवता तू परत पाठवलेले पेशंट खरंच बरे होतात का? म्हणून मी गावोगाव पाहत फिरतेय. मी त्यांना छातीठोक सांगितलं होतं, डोमाकाका तर नक्कीच बरे होतील म्हणून.”

त्यांचे डोळे भरून आले होते. डोमाने एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा बोलेरोकडे, एकदा नारळवाल्यांकडे. अब्रू जाणार होती, पुरती जाणार होती! पण ही पोरगी उन्हातान्हात स्कुटी हाकत त्याचा खांदा पाहायला आली होती. आणि खांदा तर तिनेच उघडला होता!

त्याने गळ्यातली झोळी काढली. हात वर केला. सरळ, आभाळाकडे, झेंड्याच्या काठीसारखा! मॅडमना शंका राहू नये म्हणून तोच हात पाठीमागे नेऊन पाठही खाजवून दाखवली.

नारळवाल्याच्या हातातला नारळ सुटून बोलेरोखालच्या कोंबडीपाशी गडगडत गेला.

“बाबा!” रीता किंचाळली.

“वाटी कुठी गेली गा?” झिंगूने विचारलं.

“नव्हतीच,” डोमा म्हणाला.

मॅडम रडता रडता हसू लागल्या. गोकुळा मात्र हसली नाही. “मंग मी पाण्याचे गुंड कोणासाठी वाहून राह्यली होती, अजी?” असं म्हणत तिने चुलीजवळची फुंकणी उचलली, हात उगारला आणि “अवं माय!” म्हणून तशीच थांबली. फुंकणी खाली पडली. हात ना वर जाईना, ना खाली येईना!

मॅडम धावल्या. हात तपासला, मान पाहिली, बोटं दाबायला लावली. पकड ढिली होती. बोटांना मुंग्या येऊन बरेच दिवस झाले होते.

“बाई, सांगितलं का नाही कोणाला?”

“घरात एक पेशंट होता नं, म्याडम,” गोकुळा म्हणाली. “दोघंबी पडलो असतो तं यायच्याकडं कोणी पाह्यलं असतं?”

हे ऐकून डोमाने फुंकणी उचलून आपणहून तिच्या डाव्या हातात दिली. “मार,” तो म्हणाला. “या हातानं मार.”

“ह्यांना मात्र डॉक्टरकडे न्यायलाच पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “घाबरायचं काही नाही, पण उशीर नको. नागपूर कशाला? गडचिरोलीत होईल.”

गाडी उभीच होती, भाकरीही बांधलेल्या होत्या. गोकुळा ऐटीत पुढच्या सीटवर बसली. डोमा मागे, पाण्याची बाटली आणि नारळ सांभाळत, वाटभर तिची मान हलते की काय ते पाहत.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नीट निरखला. “मानेजवळ नस थोडी दबलीय. कापाकापी काही नाही. थोडे दिवस गोळी घ्या, वजन उचलायचं बंद, घरचं सगळं काम दुसऱ्यानं करायचं, आणि तुमच्या रुपाली मॅडमकडे व्यायाम.”

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात उभ्या डोमाकडे गेलं. फोटोचं पाकीट छातीशी घट्ट धरलेलं, चेहरा चिपाडासारखा सुकलेला.

“आणि यांना काय झालंय?” डॉक्टरांनी काळजीने विचारलं.

“यायले?” गोकुळा म्हणाली. “यायले काईच नाई झालं, डाक्टर साहेब! तेच तं यायचं दुखणं हाय!”