ओठानं तुटणारी टर्की

केशोरावांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, पळी तळापर्यंत घातली आणि वर काढली. पळीत रस्सा होता. पुन्हा घातली. रस्सा. तिसऱ्यांदा एक हाड आलं. पांढरंशुभ्र, राखेनं घासून धुतल्यासारखं.

"अवो," त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "टर्की कुठं गेली?"

"मले काऊन विचारता?" आतून सुशिलाबाई म्हणाल्या. "राखण तुमची होती."

टर्की कुठं गेली हे सांगायचं, तर आधी एका कोंबड्याबद्दल सांगावं लागेल.

कोंबडा

मागच्या उन्हाळ्यात धान पोटरीत आलेलं असताना दवनीवाड्याची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. मोटारी बंद पडल्या, बांध्यांत धानाखालच्या चिखलाला भेगा गेल्या. तेव्हा इंद्रकुमार लाईनमननं कुठून तरी दुसरी डीपी मिळवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भर उन्हात, तिला लेकरासारखं धरून तो गावात आला आणि खांबावर चढला. संध्याकाळी पाणी सुटलं.

केशोरावांनी त्याला तसाच घरी नेला आणि घरचा कोंबडा कापला. हा कोंबडा गल्लीतल्या काही पोरांपेक्षा वयानं मोठा होता. बाकीचे हात धुऊन सुपारी कातरायला बसले, तरी इंद्रकुमार आपला चावतोच आहे.

तेव्हापासून मोटारसायकलवरून जाताना केशोराव दिसले, की तो गालावर हात ठेवायचा, जबडा हलवून दाखवायचा आणि हसायचा. केशोरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्यानं आपलं धान वाचवलं, त्याचीच दाढ आपण हलवली!

आणि आता त्याची बदली झाली. देवरीकडे. निघायच्या दिवशी दुपारचं जेवण केशोरावांकडे ठरलं.

"या वेळी," केशोरावांनी गल्लीत जाहीर केलं, "दातानं नाई, ओठानं तुटलं पायजे."

टर्की

गोंदियाच्या बाजारातून हौसेनं आणलेलं टर्कीचं पिल्लू वाढून वाढून आता कुत्र्यांच्या मागे धावू लागलं होतं. पाळलेलं खरं, पण स्वभाव रानातला. दिवसभर हिंडून त्याच्या मांड्या सायकलच्या शर्यतीत उतरणाऱ्यासारख्या झाल्या होत्या.

तेच कापायचं ठरलं आणि केशोरावांनी मोबाईलवर सारं बघून घेतलं. टर्कीच्या अंगात चरबी कमी, म्हणून ती कोरडी पडते. रात्रभर मिठाच्या ताकात बुडवावी. आच मंद ठेवावी. घाई करू नये. त्यांनी यातलं एकही चुकवलं नाही.

चूक होती ती रीतीत. या घरच्या चुलीवर मांस चढत नाही. ते अंगणात, तीन दगडांवर, पुरुषांनी शिजवायचं. म्हणजे पातेलं वाटेवर आणि राखणदार भोळा.

पातेलं शिजतंय. केशोराव पंख्यानं धूर हाकताहेत.

शेजारचा उमेंद्र येतो. "काका, तुमचा बैल आमच्या बांधीत शिरला."

"कोणता?"

"पांढरा. जा लवकर. मी बसतो इथं."

केशोराव धावतात. पांढरा बैल गोठ्यात रवंथ करतो आहे.

पातेलं शिजतंय. केशोराव धापा टाकताहेत.

पानठेलेवाला लीलाधर येतो. "केशोभाऊ, घरी पत्रावळी हायेत का? का पाहुण्याले हातावर वाढता?"

"अरे, राहूनच गेल्या!"

"जा, मी पायतो विस्तवाकडं."

पातेलं शिजतंय. केशोरावांच्या काखेत पत्रावळी.

समोरच्या शामकलाबाई पदर सावरत येतात. "भाऊजी, लाईनमन चौकात येऊन उभा हाय म्हणते. सामोरं जा ना, असे कसे तुमी?"

केशोराव चौकात. चौकात एक बकरी.

आता

तर पळीत ते हाड घेऊन केशोराव अंगणात उभे होते आणि तिघंही शेजारी 'वास तर मस्त सुटला' म्हणत गोळा झाले होते.

"खरं सांगा," केशोराव म्हणाले, "कोणी काय टाकलं?"

उमेंद्रनं मान खाजवली. "मी फक्त कच्ची पपई. अर्धीच. मांस नरम होते."

"अर्धी?"

"पपई मोठी होती, काका."

"तू पपई टाकला?" लीलाधर दचकला. "अबे, मी सुपारीची खांडं टाकलो! मूठभर. जून मटणाले आमच्या घरी तेच टाकतात."

शामकलाबाई झाडाकडे पाहू लागल्या.

"भाभी?"

"चिमूटभर सोडा टाकली बापा. चण्याच्या उसळीत टाकतो ना, तसा." त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "माही चिमूट जरा मोठी हाय."

"पण कायले?" केशोराव रडकुंडीला आले. "मी रातभर ताकात ठेवलो होतो न!"

"त्यानं काय फक्त तुमचंच धान वाचवलं?" उमेंद्र चिडून म्हणाला.

"माह्या ठेल्याचा फ्रीज दोनदा जोडून देल्लन त्यानं," लीलाधर म्हणाला. "कधी चहाबी घेतला नाई."

"आन् सून बाळंतीण होती, लाईन गेली, तर हा माणूस जेवता जेवता उठून आला," शामकलाबाई म्हणाल्या.

एका माणसाचे उपकार, ते फेडायला निघालेली गल्ली आणि पातेलं एकच. टर्की काय, त्यात जात्याची तळी टाकली असती तरी विरघळली असती.

तेवढ्यात मोटारसायकल वाजली. मागे बॅग बांधलेली. आला.

वाढावं तर लागणारच होतं. भात, वर रस्सा. इंद्रकुमार जेवू लागला. केशोराव त्याच्या जबड्याकडे टक लावून बसले. जबडा हलतच नव्हता. घास आत जात होते, बस्.

"नरम झालं ना?"

"हो काका. लयच." त्यानं भात बोटानं चाचपला. मग संकोचून म्हणाला, "चावायले काई नाई का?"

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी कोंबडा होता, तसं. तेच मनात धरून आलो मी. दरवेळी तुमाले दाखवत नोहतो का?" आणि त्यानं गालावर हात ठेवून जबडा हलवला.

केशोरावांच्या हातातली पळी खाली आली.

"आमच्या गावी, बोदलकस्याले, कोंबडा वर्षातून एकदा कटे," इंद्रकुमार म्हणाला. "माय म्हणे, हळू चाव रे, संपला म्हणजे संपला. मी एक तुकडा तोंडात टाकून तलावाच्या पाळीवर जाऊन वापस ये, तरी तो तोंडात राहे. माय गेली. मग तसा तुकडा भेटला तो तुमच्याच घरी, काका."

शामकलाबाईंनी नाक पुसलं.

सुशिलाबाई घरामागून आल्या. हातात झाकलेली ताटली.

"कालच एक तंगडी काढून ठेवली मी, ताकात पडायच्या आधी," त्या म्हणाल्या. "या लोकाइचा भरोसा नाई. मागच्या अंगणात निखाऱ्यावर भाजली, मीठ-मिरची लावून. पण चामडं झालं बापू तिचं. कुत्र्याले टाकणार होती."

"नका देऊ त्याले!" केशोराव ओरडले. पण इंद्रकुमारनं तंगडी उचलली होती. त्यानं दात रोवले, मान हिसडली, मानेच्या शिरा ताणल्या आणि एक तुकडा निघाला. त्यानं डोळे मिटले. जबडा चालू झाला.

"काका," उमेंद्र कुजबुजला, "त्याले देवरीले पोचायचं हाय ना?"

"चूप," केशोराव म्हणाले. "चावू दे."

पत्रावळी सुकल्या. लीलाधरनं लावलेले विडे तसेच पडून राहिले. कोणी उठलं नाही. तंगडी हळूहळू कमी होत होती, आणि तोंडात घास होता तोवर तो दवनीवाड्याचाच लाईनमन होता.

"सुशिला," शामकलाबाई हळूच म्हणाल्या, "दोन्ही तंगड्या ठेवायच्या होत्या ना वो."