बाळकुम ते बंदर

भाऊ टिपणीसांनी बाळकुमहून मुंबईच्या क्रूझ बंदरापर्यंत जायचे सात मार्ग शोधून काढले आणि सातही नापास केले. ठाण्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं नोकरी झाल्यामुळे समोर येईल त्याची उलटतपासणी घ्यायची त्यांना सवय लागली होती. लोकल म्हणजे जिने, आणि चार बॅगा घेऊन जिने चढायचे दिवस गेले होते. बस बंदराच्या बरीच अलीकडे सोडत होती. ॲपवरची टॅक्सी ऐनवेळी रद्द होते, असं सोसायटीतल्या चौघांनी जवळजवळ शपथेवर सांगितलं होतं. राहता राहिली जावयाची गाडी. पण जावई राहायला डोंबिवलीत, आणि डोंबिवलीहून कोणी वेळेवर आलेलं भाऊंनी अजून पाहिलं नव्हतं.

प्रवास गोव्याचा होता, जहाजाने, तीन दिवसांचा. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलगी कादंबरी आणि जावई सलिल यांनी दोघांना दिलेली ही भेट. बंदरावर चेक-इन अकरा ते एक. एकनंतर येणाऱ्यांना प्रवेश नाही, ही ओळ भाऊंनी छापील तिकिटावर लाल पेनाने अधोरेखित केली होती. दोनदा.

"अहो, गेले आठ दिवस नुसतं कसं जायचं, कसं जायचं चाललंय," सरोजताई बॅगेत साड्या ठेवत म्हणाल्या. "कुठे जायचंय ते आठवतंय ना?"

"तुला गंमत वाटते. जहाज सुटलं म्हणजे?"

"आजवर आपलं काही सुटलंय? मागच्या लग्नात आपण पोचलो तेव्हा मांडववालेसुद्धा आले नव्हते. खुर्च्या मी उतरवून घेतल्यात."

हे खरं होतं, म्हणून भाऊ गॅलरीत गेले. तिथे येरझारा घालता घालता त्यांना आठवा मार्ग सुचला. कोणत्याच एका गाडीवर विश्वास नसेल, तर तीन गाड्या बोलवाव्यात. एक दगा देईल, दुसरी बंद पडेल, तिसरी तरी येईल. त्यांनी सलिलला आठ वाजता यायला सांगितलं. कल्याणच्या पंढरीला, जो पूर्वी त्यांच्या साहेबांची जीप चालवायचा आणि आता स्वतःची टुरिस्ट गाडी चालवत होता, त्यालाही आठ वाजता यायला सांगितलं. ॲपवरची टॅक्सीही आठलाच. हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, सरोजताईंना तर नाहीच.

शनिवारी आठला पाच मिनिटं कमी असताना तिन्ही गाड्या आल्या.

सोसायटीच्या फाटकासमोरची गल्ली म्हणजे एका वेळी दीड गाडी मावेल एवढी. सलिलची गाडी डावीकडून आली, पंढरीची उजवीकडून, आणि टॅक्सीवाला थेट फाटकात घुसून उभा राहिला. त्याच वेळी आतून शाळेची बस निघाली आणि बाहेरून पाण्याचा टँकर आला. टँकरवाल्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

"बाबा, ही टॅक्सी कोणी बोलावली?" सलिलने काच खाली करून विचारलं.

"ते... तसं आपलं असावं म्हणून."

"आणि ते पलीकडचे काका मला हात का करतायत?"

"तो पंढरी. कल्याणहून आलाय."

सलिलशेजारी बसलेल्या कादंबरीने कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही दोघं जाताय ना? की अख्खी वरात आहे?"

टँकरवाला उतरून आला. बसमधली पोरं खिडक्यांतून ओरडायला लागली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, "टिपणीस, पाणी येणार की नाही आज?" भाऊंनी परिस्थितीचा ताबा घेतला. टॅक्सी रद्द. टॅक्सीवाला जाताना जे बोलला ते त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पंढरीची डिकी मोठी, म्हणून सगळ्या बॅगा पंढरीकडे. सरोज आणि कादंबरी सलिलच्या गाडीत. "बसा, बसा लवकर! माझा फोन तुझ्या पर्समध्ये ठेव, सरोज. मला हात मोकळे पाहिजेत."

मोकळ्या हातांनी भाऊ गल्लीच्या मधोमध उभे राहिले. पंढरीला मागे घेतलं, बसला पुढे काढलं, सलिलला वळवलं, टँकर आत घातला. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" कोर्टातही त्यांचं एवढं कोणी ऐकलं नव्हतं. पाच मिनिटांत गल्ली मोकळी झाली. सलिलला वाटलं, बाबा बॅगांपाशी, म्हणजे पंढरीकडे बसले. पंढरीला वाटलं, साहेब जावयाच्या गाडीत बसले. दोघेही भरधाव निघून गेले.

गल्लीत भाऊ उरले. गळ्यात दोघांच्या कागदपत्रांची पिशवी.

"साहेब, तुम्ही नाही गेलात?" वॉचमनने विचारलं.

त्याचा फोन घेऊन भाऊंनी नंबर लावायला बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. सरोजचा नंबर 'सरोज' या नावाखाली होता, एवढंच त्यांना माहीत होतं. स्वतःचा नंबरही पाठ नव्हता; पाठ होता तो फक्त कोर्टाचा जुना लँडलाइन, आणि तिथे शनिवारी कोण उचलणार? रिक्षा बंदरापर्यंत जात नाही. स्टेशनवर जावं तर... आणि सात मार्ग पुन्हा एकेक करून त्यांच्या डोक्यात फिरायला लागले.

तेवढ्यात एक टेम्पो कचकन थांबला. पुढे सखुबाई बसली होती आणि शेजारी तिचा मुलगा धाकू गाडी चालवत होता. दर बुधवारी टिपणीसांकडे मासळी घेऊन येणारी हीच. मागे रिकामे क्रेट खडखडत होते.

"कय झाला भाऊ? असं उभं कं?"

"सखुबाई, मला बंदरावर जायचंय. ती मोठी बोट असते ना..."

"आमी भाऊच्या धक्क्याला चाललूं. तुमचा बंदर फुडंच हाय. चढा."

ही सवारी भाऊंच्या सात मार्गांत नव्हती, त्यामुळे तिच्यावर हरकत नोंदवायला त्यांच्याकडे मुद्देच नव्हते. ते चढले. सखुबाई सरकली आणि तिच्या पायाशी असलेली कोलंबीची ओली टोपली भाऊंच्या मांडीवर आली.

मुलुंड गेलं, विक्रोळी गेली. भाऊ दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. धाकू रस्ता असा कापत होता, जणू गर्दी त्याच्यासाठी नव्हतीच.

"बोटीन बसून जाता कुठं?" सखुबाईने विचारलं.

"गोव्याला."

"मंग तिथं काय काम?"

"काम नाही. परत यायचं. त्याच बोटीने."

सखुबाईने भाऊंच्या मांडीवरची टोपली सावरली. "मंग जाता कशाला?"

आठ दिवसांत हा प्रश्न भाऊंनी स्वतःला विचारलाच नव्हता.

"बायको कंय हाय?"

"पुढे गेली. गाडीतून."

"बरा झाला," सखुबाई म्हणाली. "तिला जरा मोकला वाटल."

दहाला भाऊ बंदराच्या दारात होते. सुरक्षारक्षकाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पँटकडे, मग हवेची दिशा पाहून त्यांना कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. अकराला खिडकी उघडली. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. गाड्या येत होत्या, माणसं टोप्या घालून हसत उतरत होती. त्यांत सरोज नव्हती.

भाऊ उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. अपघात? पंक्चर? चाळीस वर्षं ते वेळेच्या कितीतरी आधी पोचत आले होते, पण शेजारी सरोज असायची. तिच्या पर्समध्ये खारे दाणे असायचे, ती येणाऱ्याजाणाऱ्यांबद्दल काहीबाही बोलत असायची. एकट्याने वाट बघायला दीड तास किती मोठा असतो, हे त्यांना आज प्रथमच कळत होतं.

बारा वाजता खिडकीवरची मुलगी बाहेर आली. तिच्या कोटावर 'शिवानी' असं नाव होतं. "सर, तुमचं चेक-इन करून टाकू का? मॅडम आल्या की त्यांचं करू."

"आणि नाही आल्या तर?"

"तर... तुमचं तरी सुटणार नाही ना सर."

"नको," भाऊ म्हणाले. "ती आल्याशिवाय मी चढणार नाही. जाऊ दे जहाज."

हे वाक्य आपण बोललो, यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. शिवानी मात्र विरघळली. "थांबा सर, बुकिंगवर एक नंबर आहे, तो लावून बघते." तो नंबर भाऊंचाच होता, म्हणजे फोन सरोजताईंच्या पर्समध्ये वाजणार होता.

"हॅलो मॅडम? ... हो, सर इथेच आहेत. ... हो, बरे आहेत. ... ओके मॅडम." तिने फोन ठेवला आणि जरा चाचरतच सांगितलं, "सर, मॅडम म्हणाल्या, घाई नाही. त्या चहा घेतायत."

"काय घेतायत?"

"चहा."

एकला दहा मिनिटं असताना दोन्ही गाड्या एकामागोमाग आल्या. सरोजताई सावकाश उतरल्या. पंढरी बॅगा काढायला लागला, सलिल सासऱ्यांची नजर चुकवायला लागला.

"कुठे होतात तुम्ही?" भाऊंचा आवाज चिरकला. "मी गाडीत नाही, हे कळलं तरी कधी?"

"मुलुंडला," सरोजताई म्हणाल्या. "पंढरी शेजारून पुढे गेला, तर त्याच्या गाडीत तुम्ही नाही. दोन्ही गाड्या वळवून परत बाळकुमला गेलो. वॉचमन म्हणाला, साहेब मासळीच्या टेम्पोतून गेले."

"मग लगेच निघायचं की नाही?"

"निघालोच होतो. वाटेत मिसळ खाल्ली. कादंबरीला ती जागा कधीची दाखवायची होती. तुमच्याबरोबर कधी थांबता आलं नाही."

"मिसळ! इकडे जहाज निघायला आलं होतं, सरोज! तुला काळजी नाही वाटली?"

"बाळकुमला पोचेपर्यंत वाटली, खूप वाटली," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही निघालात हे कळलं आणि संपली. चाळीस वर्षांत तुम्ही कुठे उशिरा पोचलायत? मग माझा मीच हिशेब केला, हे एकदा पोचले म्हणजे आपल्याला घाई करायचं कारण नाही."

शिवानीने खिडकीतून हात हलवला. कागद पुढे झाले, शिक्के पडले, बॅगांना चिठ्ठ्या लागल्या. एकला तीन मिनिटं बाकी असताना सगळं आटोपलं.

"चला, चढू या," भाऊ म्हणाले.

"थांबा हो, जरा बसू दे. मिसळ अंमळ जास्तच झाली." सरोजताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकल्या.

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. मग तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि जन्मात पहिल्यांदाच पाय लांब केले.

सरोजताईंनी दोनदा हवा हुंगली, पदर नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "बसा की, निवांत बसा. फक्त दोन खुर्च्या सोडून बसा."