सर्वेक्षणातली कोंबडी

श्रीरामपूरच्या थॉमस मास्तरांची दीना उजागरे 'अन्न व पोषण' या विषयात एम.एस्सी. करायला गेली, तेव्हा शेजारीपाजारी समजले की पोरगी स्वयंपाक शिकायला गेली. प्रत्यक्षात दोन वर्षांत तिला एकदाही चूल पेटवावी लागली नाही. मेथीतले लोह आणि शेंगदाण्यातली प्रथिने मात्र तिला दोन दशांश स्थळांपर्यंत पाठ झाली. प्रबंधाचा विषय ठरला : 'ग्रामीण कष्टकरी स्त्रीचा दैनंदिन आहार'. साल बहात्तर सरून त्र्याहत्तर लागलेले. नगर जिल्ह्यात पाऊस फिरकला नव्हता, म्हणजे अभ्यासाला काळ अनुकूल होता.

पारनेरच्या पुढे माळावरच्या एका गावात दुष्काळी काम चालू होते. मे महिन्यात तिथे खडी फोडणाऱ्या लंकाबाईच्या दारात दीना तक्ता घेऊन बसली.

"काल सकाळी काय खाल्लं, लंकाबाई?"

"भाकर. रेशनच्या लाल मिलो जवारीची."

"बरोबर काय होतं?"

"तिखट."

"आणि दुपारी?"

"कामावर सरकारी सुकडी देत्यात, पिठा-गुळाची. ती पोरांसाठी पदरात बांधून आनली."

"मग तुम्ही काय खाल्लंत?"

"पानी प्याले की."

तक्त्यात पाण्याला रकाना होता, पण त्यापुढे उष्मांक शून्य छापलेले होते. रात्रीची अर्धी भाकर धरून बेरीज साडेआठशे झाली. दिवसभर खडी फोडायला लागतात अठ्ठावीसशे.

मार्गदर्शक डॉ. जयकरबाईंनी तक्ता दोनदा वाचला. बाई स्वभावाने प्रेमळ होत्या, फक्त आकड्यांच्या बाबतीत त्यांना भीडभाड नव्हती.

"दीना, या हिशेबाने ही बाई एप्रिलमध्येच वारलेली असायला हवी."

"पण मॅडम, मी परवाच तिच्याशी बोलले."

"तो तुझा अनुभव झाला. त्याला पुरावा म्हणत नाहीत. तक्ता चुकत नाही, माहिती देणारा चुकतो."

दीना काटा घेऊन पुन्हा गावात गेली. लंकाबाईने तिच्यादेखत भाकरी थापली, दीनाने ती तोलली.

"माप कमी भरलं व्हय?" लंकाबाईने काळजीने विचारले. "उद्या जाड थापू का? तुमचा निकाल माझ्यापायी नको अडाया."

माप खरोखरच कमी भरले. आधीचा आकडा दीनाने अंदाजाने आणि जरा उदार मनाने लिहिला होता. नव्या हिशेबाने लंकाबाई फेब्रुवारीतच वारली होती.

आता जयकरबाईंनी स्वतः यायचे ठरवले. प्रत्यक्ष निरीक्षणाला पर्याय नाही, असे त्या वर्गात सांगत. नियमानुसार ग्रामपंचायतीला आठ दिवस आधी पत्र गेले. जीप लंकाबाईच्या दारात थांबली तेव्हा चुलीवर रस्सा रटरटत होता, आणि उंबऱ्याजवळ पिसे पडली होती. लंकाबाईकडे एकच कोंबडी होती. तिची अंडी देऊन घरात मीठ आणि चहापत्ती येई.

"अहो, हे कशाला केलंत?" दीना हळूच म्हणाली.

"पाव्हनी दारात येनार, आन् तिला मिलो वाढू व्हय?"

शेजारच्या रंगुबाईने शेळीचे दूध दिले होते. तांदूळ तीन घरांतून जमले होते. जयकरबाईंनी सगळे पदार्थ तोलून तक्त्यात भरले. मांस नऊशे ग्रॅम, भात सहाशे, अंडी दोन, दूध एक पेला. त्यांचा चेहरा उजळला.

"बघितलंस, दीना? लंकाबाईंना नि दोन पोरांना पुरून उरतंय."

मग ताटे वाढली गेली. जयकरबाईंना आग्रह मोडवला नाही. ड्रायव्हरलाही मोडवला नाही. नाही म्हटले तर लंकाबाईला लागेल, म्हणून दीनाही जेवली. रस्सा चविष्ट होता, याची तिला पुढे फार दिवस लाज वाटत राहिली. लंकाबाई पदराने माश्या वारत उभी होती. तिची पोरे दाराआडून बघत होती.

"तुम्हीही बसा ना," जयकरबाई म्हणाल्या.

"आमचं हुईल मागनं."

प्रबंधात दीनाने तळटीप टाकली : 'सदर अन्न सर्वेक्षकांनीच खाल्ले.' जयकरबाईंनी ती तांबड्या पेन्सिलीने खोडली. प्रबंधात संशोधक दिसता कामा नये, असा संकेत होता. दीनाने वाद घातला नाही. पहिला वर्ग मिळाला.

प्रबंधाची एक प्रत वरच्या कार्यालयात गेली. तिथे शेवटचे पान वाचले गेले. त्यावर 'आहार समाधानकारक' असे होते, म्हणून त्या कामावरची सुकडी बंद झाली. त्याऐवजी बायकांना समतोल आहार समजावून सांगण्यासाठी एक प्रशिक्षित महिला नेमण्यात आली. ती दीना. पहिली नोकरी. सफरचंदांचा रंगीत तक्ता काखेत मारून ती त्याच गावात उतरली, लंकाबाईच्या घरी गेली आणि तक्ता न उघडताच खाली बसली.

"लंकाबाई, तुमची सुकडी माझ्यामुळं बंद झाली."

लंकाबाईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "त्या दिशी पोरांनी टोप बोटानं पुसून खाल्ला. आजून इचारत्यात, त्या बाई परत कवा यायच्या. मी म्हनते, बाई येतील रं, पर आता कोंबडी न्हाई."

दीनाने तिथेच कागद काढला. सर्वेक्षण चुकले आहे, ते अन्न आम्ही खाल्ले, सुकडी सुरू करावी, असे लिहून तिने खाली सही केली. सहीपुढे पदवी लिहिली, आयुष्यात पहिल्यांदाच. नोकरी जाईल, हे तिला ठाऊक होते.

नोकरी गेली नाही. महिन्याने उत्तर आले. अर्जाची गंभीर दखल घेण्यात आली होती. फेरसर्वेक्षणासाठी सात जणांचे वरिष्ठ पथक येत्या गुरुवारी गावात येईल. पथकाच्या दुपारच्या भोजनाची सोय ग्रामस्थांनी करावी.

प्रबंध आजही विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. लोक तो बहुधा जेवण झाल्यावर वाचतात, आणि तो कुणालाच जड जात नाही. आपणही ही गोष्ट उपाशीपोटी वाचायला घेतली नसेलच.