अवचित भेट विभागाकडे आलेली तक्रार

माणसाने आयुष्यात एकदा तरी एकट्याने, काहीही न ठरवता, अनोळखी शहरात हरवावे. मात्र हरवण्याची व्यवस्था चोख असावी. याच जाणिवेतून पोर्तुगालमधल्या आमच्या ओल्मेदाल नगरपालिकेने अवचित भेट विभाग स्थापन केला. (बाहेर पाटी 'पर्यटन माहिती' अशी आहे.) मी तिथे एकोणीस वर्षं वरिष्ठ कारकून आहे.

पाहणीत असं आढळलं, की मनाला येईल त्या गाडीत बसलेल्या प्रवाशांपैकी शंभरातले त्र्याऐंशी ओल्मेदालला उतरतात. (गाडी पुढे जात नाही.) कारंज्यापाशी ते नकाशाची घडी घालून खिशात टाकतात, डावीकडच्या गल्लीत शिरतात आणि दहा मिनिटांत हरवतात. तिथे तिसऱ्या खिडकीत आल्बेर्तीनाबाई बसतात. वय एकाहत्तर, मुलगा फ्रान्समध्ये. त्यांनी प्रवाशावर आधी खेकसायचं आणि मग त्याला आत बोलावून सूप वाढायचं, असं नेमणूकपत्रात आहे. खेकसण्याचं काम त्या नेमणुकीआधीपासूनच विनामोबदला करत होत्या.

मे महिन्यात नेदरलँड्समधल्या उट्रेख्टहून वाउटर नावाचा गणिताचा मास्तर आला. मनात आलं आणि निघालो, असं त्याचं म्हणणं. (वर्षभर पोर्तुगीज शिकला होता.) फोन त्याने मुद्दाम खोलीवर ठेवला आणि कारंज्यापाशी, कोणतंही सबळ कारण नसताना, तो उजवीकडे वळला.

उजवीकडे आमचं कोणी नसतं. तिथे बाल्ताझार नावाचे निवृत्त प्लंबर राहतात. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं कपाट लेकीकडे पाठवायचं म्हणून ते तिसऱ्या मजल्यावरून एकटेच उतरवत होते. जिन्याच्या खिडकीतून त्यांनी वाउटरला हाक मारली, "अहो उंच गृहस्थ, रिकामेच दिसताय. या, खालचं टोक धरा."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं. वर बाल्ताझार, खाली वाउटर, अडीच तास. पहिला अर्धा तास बाल्ताझार परदेशी लोकांच्या मनगटांविषयी वाईट बोलले. मग कपाटालाच सांगावं तसं बायकोविषयी बोलू लागले. ती घोरायची, पण कधी कबूल केलं नाही. शेवटच्या आजारपणात तिने निळा झगा मागितला आणि त्यांना तो सापडला नाही. नंतर सापडला, याच कपाटात, समोरच. शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार दोन वर्षांत हा माणूस एवढं बोलला नव्हता. अखेर दारं काढल्यावर कपाट सुटलं. बाल्ताझारनी वाउटरचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला आणि मग ते वर निघून गेले.

वाउटर थेट माझ्या खिडकीवर आला. तक्रार लेखी आहे: दिवस वाया गेला, शर्ट फाटला, फोटो काढण्यासारखं काहीच घडलं नाही.

"काहीतरी अवचित घडावं म्हणून मी इतक्या लांब आलो हो," तो म्हणाला.

मी दिलगिरी व्यक्त केली आणि त्याला हॉटेलचा रस्ता चुकीचा, म्हणजे डावीकडच्या गल्लीतला, सांगितला.

आल्बेर्तीनाबाई ताटकळल्या होत्या. सूप तीनदा गरम करून झालं होतं. "डोळे कुठे ठेवलेस रे? कुंडी पाडशील माझी. आणि हा काय अवतार? जेवलास का काही?" वाउटर सूप पिता पिता रडला. असं ठरवून होत नाही, असं म्हणाला, आणि अभिप्रायाची वही मागून घेऊन तेच लिहिलं. तो गेल्यावर बाईंनीही डोळे पुसले. ते नेमणूकपत्रात नसल्याने मी नोंद केली नाही.

विभागाच्या समितीने प्रकरणाची गंभीर दखल घेतली. बाल्ताझारना 'शोकाकुल गृहस्थ (उजवी बाजू)' या पदावर रोज एकदा कपाट उतरवण्याचं काम देऊ केलं. ते म्हणाले, "साहेब, ते एकदाच उतरवायचं होतं." सहकार्याचा हा अभाव पाहता उजवीकडची गल्ली दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आली आहे.

वाचकहो, तुम्ही मघाशी हसलात, कारण तुम्ही वाउटरसारखे नाही. तुम्ही ओल्मेदाल टाळून पलीकडच्या, कोणी नावही न ऐकलेल्या गावात एकटेच जाल. असं ठरवणारे शंभरात एक्क्याण्णव भरतात. त्या गावात आमची शाखा मार्चपासून सुरू झाली आहे. कधी निघताय ते कळवण्याची तसदी घेऊ नये. तारीख आमच्याकडे आहे.