उजव्या बाजूचा मासा

आमच्या मढच्या कोळीवाड्यात होड्यांच्या दोन्ही अंगांना एकेक मासा रंगवलेला असे. डाव्या माशाला टपोरा डोळा, उजवा मासा ठार आंधळा. चाळीस होड्या, चाळीस आंधळे मासे. हे सगळं काम एकाच माणसाचं, आमच्या सावंत पेंटरांचं.

कारण विचारलं की एकच उत्तर. "आधी परत ये, मगे डोळो."

म्हणजे नारळी पौर्णिमेला होडी नव्याने रंगून पाण्यात गेली, की उजव्या माशाचा डोळा बाकी. मे महिन्याच्या शेवटी ती काठावर ओढली, की पेंटर डोळा काढून देणार. मासा डोळस झाला रे झाला की पावसाळ्यासाठी होडीवर नारळाची झापं चढत. त्याला दिसायचं काय, तर आतला काळोख.

पेंटर मूळचे मालवणचे, इथे एकटेच. गणपतीची आरास, चर्चच्या जत्रेचा फलक, आमच्या पालिका शाळेची भिंत, सगळीकडे त्यांचाच ब्रश. शाळेच्या भिंतीवर त्यांनी महाराष्ट्राचा नकाशा काढला, त्यात मालवण मुंबईच्या दुप्पट. मी हरकत घेतली तर म्हणाले, "मास्तरानू, आमचा मालवण काय लहान आसा?" आता मुलंही तसाच नकाशा काढतात.

एका वर्षी किनाऱ्यावरच्या एका बंगल्यावर शूटिंग आलं. हिरो मोरेश्वर नाखव्याच्या होडीतून पळणार होता, आणि शूटिंगवाल्यांना होडीची उजवी बाजू हवी होती. मोरेश्वर माझ्याकडे आला. "मास्तर, तुमी सांगा त्याला. डोला पायजे. शूटिंगवाले आंधला मासा घेत नाय."

मी गेलो आणि शहाणपणा केला. "पेंटर, मी शाळेत विज्ञान शिकवतो. एका ठिपक्याने होडी बुडते का?" त्यांनी डबा उघडला आणि डोळा काढून दिला.

शूटिंग झालं. मोरेश्वर दोन दिवसांसाठी चार खलाशांसह दर्यावर गेला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होडीचा पत्ता नाही, आणि ट्रान्झिस्टरवर वाऱ्याचा इशारा.

पेंटर धक्क्यावर पांढऱ्या रंगाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मोरेश्वरच्या बायकोने भाकरी पुढे केली, त्यांनी हात लावला नाही.

"डोळो मीया दिलंय," एवढंच म्हणाले.

माझं विज्ञान कुठल्या कुठे पळालं. द्या म्हणून सांगणारा मीच होतो. मी मनातल्या मनात दिसेल त्या देवाला हात जोडले, पलीकडच्या चर्चलासुद्धा.

चारच्या सुमाराला दोन होड्या दिसल्या. पुढचीने मागचीला दोर बांधून ओढत आणलं होतं. मागचीचं, म्हणजे मोरेश्वरच्या होडीचं, इंजिन बंद पडलं होतं, बाकी पाचही जण धडधाकट. मोरेश्वरने लांबूनच बायकोला विचारलं, "जेवायला काय केलंस?" मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पेंटर कमरेपर्यंत पाण्यात शिरले आणि ब्रशने उजव्या माशाचा डोळा बुजवायला लागले. ओल्या लाकडावर रंग कुठला धरतो? पांढरे ओघळ खाली आले. त्यांनी सदरा काढून फळी पुसली आणि पुन्हा ब्रश चालवला.

"अरे पेंटर, सुकू दे तरी," मोरेश्वर म्हणाला.

"सुकाक कोण थांबतलो?"

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. माफी मागायची होती. म्हटलं, "पेंटर, तुमच्या घरातलं कोण दर्यावर गेलं होतं, ते परत आलं नाही?"

"खंय कोण? आमच्या घराण्यात दर्यार कोण गेलोच नाय."

"मग हा डोळा?"

ते ब्रश धूत होते. वर न बघता म्हणाले, "डोळो ऱ्हवलो काय मे म्हयन्यात लोका माझ्याकडे येतत. बसतत, चाय घेतत. पुरो करून दिलंय, तर कोण कित्याक येतलो? आता इतकी वर्षां झाली, माकाच खरा वाटूक लागला."

 पुढच्या आठवड्यात मी घराचं दार पेंटरांना रंगवायला दिलं आणि खालची एक फळी बिनरंगाची ठेवायला सांगितली. तेव्हापासून पेंटर दर रविवारी ती रंगवायला येतात, चहा घेतात आणि ब्रश घरी राहिला म्हणून परत जातात.