राजाच्या पंजाची कुंडी

एका जंगलात, जिथले धुके दुपारचे जेवूनच घरी जायचे, तिथे एक झाड कुंडीत राहत होते.

तुम्ही म्हणाल, जंगलात कुंडी कशाला? सगळीकडे जमीनच जमीन. बरोबर आहे तुमचे, बाळांनो. पण जमिनीत वाढतात ती प्रजेची झाडे. राजाचे झाड कुंडीत असते. नाहीतर ते राजाचे आहे हे कळणार कसे?

झाडाचे नाव हायड्रेंजिया. हे नाव जंगलात कोणाच्या तोंडात बसेना. म्हणून सगळे त्याला झुपक्याचे झाड म्हणत. सुटे फूल त्याला येतच नसे. यायचा तो नारळाएवढा गच्च झुपका, निळा निळा. सिंहमहाराजांच्या गुहेच्या तोंडाशी ते ठेवलेले असे. येणाराजाणारा आधी झाडाला मान लववी, मग महाराजांना.

हे झाड आणले होते साळूबाईने. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण बोलायला लोण्यासारखी. तिच्या आईच्या बिळावर, पलीकडच्या डोंगरात, अशी झाडे रांगेने होती. आता त्या डोंगरावर दगडाची खाण आहे. बीळ गेले, झाडे गेली. निघताना साळूबाईने एक फांदी तोंडात धरून आणली, ओल्या मातीत खोचली आणि जगवली. तेवढे एकच राहिले. झाड राजाचे झाले, पण माहेर साळूबाईचेच होते.

कुंडी केली होती केरबाने. केरबा म्हणजे रानडुक्कर. चिखल तुडवण्यात त्याचा हात धरणारे कोणी नाही. कुंडी ओली असताना त्याने महाराजांना विनंती केली आणि महाराजांनी आपला उजवा पंजा तिच्यावर दाबला. तेव्हा महाराज युवराज होते. मिशासुद्धा फुटायच्या होत्या. मग कुंडी भाजली, पंजा पक्का झाला, आणि दरबाराने ठराव केला की ही कुंडी कधी बदलू नये.

तीन वर्षे बरी गेली. चौथ्या वर्षी झुपके लिंबाएवढे आले. सकाळी पाणी घालावे तर दुपारी पाने माना टाकत. वरून ओतलेले पाणी खालच्या भोकातून तसेच पळून जाई, जणू त्याला आत कोणी बसायला सांगितलेच नाही. एक दिवस साळूबाईने कुंडी जरा कलती करून पाहिली. खालच्या भोकातून मुळे बाहेर डोकावत होती.

साळूबाई प्रधानांकडे गेली. प्रधान होते तरसोबा. तरसाचे हसणे तुम्हाला ठाऊक आहे ना? महाराज काही बोलायच्या आधीच तरसोबा हसून घेत, म्हणजे मागाहून राहून गेले असे व्हायला नको.

साळूबाईने सांगितले, झाड वाढले, कुंडी लहान पडली, थंडी सरायच्या आत त्याला चार बोटे मोठ्या कुंडीत हलवले पाहिजे.

तरसोबांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "साळूबाई, कुंडी लहान आहे म्हणता. त्या कुंडीवर पंजा कोणाचा आहे?"

"महाराजांचा."

"मग लहान काय आहे, ते पुन्हा एकदा सांगा बघू."

साळूबाई परत आली. बाळांनो, ती घाबरली नव्हती. साळिंदर घाबरले की काटे उभे राहतात. तिचे काटे आडवेच होते. ती विचार करत होती.

पण झाड वाळते आहे हे काही लपेना. वसंताच्या उत्सवाला शेजारच्या जंगलाचे पाहुणे यायचे होते. तेव्हा दरबाराने उपाय सुरू केले. आधी झाडाला दुप्पट पाणी घातले. मग त्याच्यासमोर 'सदाबहार' अशी पाटी लावली. पाटी वाचून पाने आणखी गळाली. मोराने सुचवले की झाडाचे कौतुक कमी पडते आहे, म्हणून रोज सकाळी एक माकड त्याच्यापुढे टाळ्या वाजवू लागले.

शेवटी तिघांची समिती बसली. अध्यक्ष तरसोबा. समितीने पंधरा दिवस बोरे खाल्ली आणि तोडगा काढला. झाडाला मोठी कुंडी हवी, हे खरे. जुनी कुंडी हलवायची नाही, हेही खरे. तेव्हा जुनी कुंडी, झाडासकट, मोठ्या कुंडीत ठेवावी.

केरबाने हे ऐकले आणि तो कान खाजवत राहिला. त्याने विचारले, नव्या कुंडीला खाली भोक किती मोठे पाडू? त्याला सांगण्यात आले की राजाच्या वस्तूला भोक पाडणे शोभत नाही.

झाले. वाजतगाजत कुंडीत कुंडी बसली. नारळ फुटला. तरसोबांनी भाषण केले की आजपासून झाडाला दुप्पट जागा मिळाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. झाडानेही डोलावली असती, पण त्याची मान खालीच होती.

दोन कुंड्यांच्या मध्ये पाणी साचले. भोक नाही, जाणार कुठे? जी मुळे आधी जागेविना गुदमरत होती ती आता पाण्यात कुजू लागली. आठ दिवसांत वास यायला लागला. तरसोबांनी साळूबाईला बोलावून बजावले की उत्सवापर्यंत झाड फुलले नाही, तर तिने नदीपलीकडे चालते व्हावे.

त्या दिवशी साळूबाई झाडापाशी बराच वेळ बसली. नदीपलीकडचे तिला काही वाटत नव्हते. काट्यांना कुठेही घर मिळते. पण झाडाला दुसरी फांदी नव्हती आणि डोंगर आता दगड होऊन कुठल्या कुठे गेला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी महाराज जेवून पहुडले होते. तरसोबा उरलेल्या हाडांपाशी गुंतले होते. साळूबाई हळूहळू चालत महाराजांपाशी आली.

"महाराज," ती म्हणाली, "जरा पंजा देता?"

"कशाला गं?"

"कुंडीवर ठेवून बघायचा आहे. माझी म्हातारीची नजर. काहीतरी चुकतंय असं वाटतं."

महाराज उठले. आतल्या कुंडीचा जो भाग बाहेरच्या कुंडीच्या काठावर आला होता, त्यावरची माती साळूबाईने पुसली. पंजाची खूण दिसली. महाराजांनी आपला पंजा तिच्यावर धरला. खूण झाकून गेली आणि वर चार बोटे पंजा उरला.

महाराजांनी पंजा उचलला, पुन्हा टेकवला.

"हा पंजा कोणाचा?" त्यांनी विचारले.

"तुमचाच. बाळराजे होता तेव्हाचा." साळूबाईने पुन्हा माती पुसली. "आम्हाला माहीत आहे तुमचा पंजा आता केवढा झाला ते. पण पाहुण्यांना कुठे माहीत? ते हाच पाहणार. म्हणतील, इथला राजा एवढ्याशा पंजाचा."

त्या दुपारी जंगलाने जी डरकाळी ऐकली ती पुढे बरीच वर्षे लोकांना आठवत होती. तरसोबा हाड तोंडातच घेऊन धावत आले. महाराजांनी विचारले, माझ्या दाराशी मांजराचा पंजा मांडून ठेवायला कोणी सांगितले? तरसोबा हसायला गेले, पण हाड आडवे आले.

हुकूम सुटला. नवी कुंडी करायची, आताच्या पंजाची. केरबा चिखल घेऊन हजर झाला.

तरसोबांना चूक भरून काढायची होती. ते म्हणाले, एवढ्या थोर पंजाला कुंडी तळ्याएवढी करू या. महाराज खूश झाले. साळूबाईला मात्र पुढचे दिसले. थोड्या मुळांना फार माती दिली की माती ओलीच राहते आणि मुळे पुन्हा कुजतात. पण मुळांचे नाव काढून पूर्वी काय झाले होते ते तिला आठवले.

"तळ्याएवढी छानच," ती म्हणाली. "फक्त तळ्यावर पंजा म्हणजे बेडकाचा दिसेल. चार बोटे मोठी केली, तर कुंडीभर पंजाच पंजा."

"चार बोटे," महाराज म्हणाले.

केरबाने तोंड वळवून चिखल तुडवला. तो का हसतो आहे हे कोणाला कळू नये म्हणून. कुंडी उभी राहिली. महाराजांनी पंजा दाबला. तेवढ्यात साळूबाई म्हणाली की पंजा कोणाचाही असेल अशी शंका कोणी काढू शकतो, पण नखाची खूण कोणाला चोरता येत नाही. ती बुडाला असावी, दिसत नसली तरी. महाराजांनी कुंडी उलटी करायला लावली आणि एक नख बुडातून आरपार घातले.

असे भोक पडले.

कुंडी भाजून आली, तशी साळूबाई कामाला लागली. आदल्या दिवशी तिने झाड आतल्या कुंडीसकट बाहेर काढून सावलीत निथळत ठेवले होते. आता तिने ती जुनी कुंडी आडवी केली, कडेवर हलकेच थोपटले, फांद्यांना हात न लावता बुंध्याशी धरून झाड ओढले. झाड आले. कुंडी निघाली तरी मुळे कुंडीच्याच आकाराची होती. वाट सापडेना म्हणून ती वर्षानुवर्षे त्याच जागी गोल गोल फिरली होती. दरबारी मंडळी ते पाहत उभी होती. काहींना ते ओळखीचे वाटले.

साळूबाईने आपला एक काटा उपटला. आईने लेकीचे केस विंचरावेत तितक्या हळू तिने ती मुळे विंचरली. काळी, मऊ पडलेली मुळे तोडून टाकली. नव्या कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवला, कुजलेल्या पानांची काळी माती घातली, झाड पूर्वी होते तेवढेच खोल बसवले. मग पाणी, आणि दहा दिवस सावली. टाळ्या वाजवणाऱ्या माकडाला तिने सुट्टी दिली.

पंधराव्या दिवशी फांदीच्या टोकाला हिरवा ठिपका दिसला. साळूबाई त्याच्याकडे बघत बसली आणि तिने त्या दिवशी काही खाल्ले नाही, विसरली म्हणून.

उत्सवाला झुपके आले. नारळाएवढे नव्हते, पण संत्र्याएवढे होते, आणि निळे होते. तरसोबांनी पाहुण्यांना सांगितले की हे सारे पंजाचे तेज. महाराजांचा पंजा लागला आणि वाळलेले झाड फुलले. पाहुण्यांनी पंजाला हार घातला. साळूबाई मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. कोणाला वाटले नाही की ती झाडासाठी वाजवते आहे.

नंतर काही वर्षे गेली. महाराजांच्या आयाळीत पांढरे दिसू लागले. पंजा वाढायचे त्यांचे वय कधीच सरले होते. एका दुपारी साळूबाईने कुंडी कलती केली आणि नखाच्या भोकातून मुळे डोकावताना पाहिली.

ती हळूहळू महाराजांपाशी गेली.

"महाराज," ती म्हणाली, "पंजा पुन्हा वाढलेला दिसतो."

महाराजांनी पंजा पुढे धरला. वळवून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मलाही कालपासून तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "केरबाला बोलवा."

तात्पर्य : मुळांना जागा कमी पडली, तर मुळांबद्दल अवाक्षर काढू नये, पंजा मोजायला घ्यावा. खरे बोलावे, हे तर आहेच. पण आधी कुंडी बदलून घ्यावी.